सॉफ्टवेअरच्या चाचण्यांमध्ये मराठी मजकूर पहिल्या दिवसापासून असावा

घाटवाट

मराठी माणसे वापरणार असलेल्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या बहुधा मराठीत होत नाहीत, असे मी या व्यवसायात सातत्याने पाहत आलो आहे. चाचणीसाठी जी विदा (डेटा) तयार केली जाते, तिच्यात 'टेस्ट', 'एबीसी', 'जॉन डो' अशी रोमन लिपीतील नावे असतात. प्रकल्प संपत आला की भाषांतराची फाइल येते, बटणांवरची आणि सूचनांची वाक्ये देवनागरीत दिसू लागतात आणि मराठीचे काम झाले असे गृहीत धरले जाते. देवनागरीला ज्या निर्णयांचा त्रास होतो, ते निर्णय मात्र प्रकल्पाच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच झालेले असतात. विदागारातील (डेटाबेसमधील) रकान्याची रुंदी किती ठेवायची, दोन नावे सारखी आहेत हे कसे ठरवायचे, 'अक्षर' कशाला म्हणायचे, यादी कोणत्या क्रमाने लावायची आणि आकडा मजकुरात कसा उतरवायचा, हे सर्व भाषांतराच्या फाइलच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून माझे म्हणणे असे की, पहिली युनिट टेस्ट, म्हणजे कोडच्या एका लहान भागाची स्वयंचलित चाचणी, लिहिली जाते त्या दिवशीच तिच्यात मराठी मजकूर असला पाहिजे.

लांबीपासून सुरुवात करतो. 'विद्यार्थी' हा शब्द पाहा. वाचणाऱ्याला त्यात तीन अक्षरे दिसतात: वि, द्या, र्थी. युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या संकेतप्रणालीच्या हिशेबात त्यात दहा कोडपॉइंट, म्हणजे क्रमांक दिलेली चिन्हे, आहेत, कारण वेलांटी, काना आणि हलन्त यांची प्रत्येकी स्वतंत्र नोंद होते. युनिकोड मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट तीन बाइट घेतो, म्हणून साठवताना हा शब्द ३० बाइटचा होतो. ओरॅकल या विदागार प्रणालीत मजकुरासाठीच्या 'व्हारकॅर-२' या प्रकाराच्या रकान्याची लांबी मुळात बाइटमध्ये मोजली जाते. त्यामुळे यूटीएफ-८ विदागारात ३० लांबीच्या रकान्यात हा एकच शब्द कसाबसा मावतो आणि त्यापुढे आडनाव आले की नोंद नाकारली जाते. रोमन लिपीतील नावांनी चाचणी केली तर हा दोष कधीच दिसणार नाही, कारण तिथे अक्षर, कोडपॉइंट आणि बाइट या तिन्ही गोष्टींची संख्या एकच येते. लघुसंदेशांचेही असेच आहे. रोमन अक्षरांचा संदेश १६० चिन्हांपर्यंत एकसंध जातो, तर देवनागरीची मर्यादा ७० आहे आणि तुकडे पडू लागले की प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हेच मावतात. १६० चिन्हांचा मराठी संदेश म्हणूनच तीन संदेशांच्या दराने जातो. संस्थेचे वार्षिक अंदाजपत्रक इंग्रजी नमुन्यावर बेतलेले असेल, तर ही तफावत पहिल्या देयकापर्यंत कोणाच्याही लक्षात येत नाही.

दुसरी गोष्ट 'नावात फक्त अक्षरे असावीत' या पडताळणीची. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत मजकूर केवळ अक्षरांचा आहे का हे सांगणारी 'इजअल्फा' ही पद्धत 'कमल' या नावाला होकार देते आणि 'सुनीता' या नावाला नकार देते. युनिकोडच्या वर्गवारीत क, म, ल ही अक्षरे आहेत, पण उकार, वेलांटी आणि काना ही जोडचिन्हे आहेत, आणि ही पद्धत जोडचिन्हांना अक्षर मानत नाही. जावास्क्रिप्टमध्ये युनिकोडच्या 'अक्षर' या गुणधर्मावर लिहिलेली रेग्युलर एक्स्प्रेशनही (मजकुराचा नमुना जुळवणारे सूत्र) असेच वागते, कारण 'चिन्ह' हा गुणधर्म तिच्यात वेगळा जोडावा लागतो. मला इथे विशेष महत्त्वाचे वाटते ते हे की, एखाद्या प्रामाणिक सहकाऱ्याने मराठीत चाचणी केली, पण नमुन्यादाखल 'कमल', 'मदन', 'नयन' अशीच नावे घेतली, तरी सगळे सुरळीत आहे असाच निष्कर्ष निघेल. म्हणजे मराठी मजकूर असणे पुरेसे नाही. तो कसा निवडला आहे यावर सगळे अवलंबून आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे: डोळ्यांना सारखे दिसणारे, पण यंत्राला वेगळे वाटणारे शब्द. 'ॲड.' या संक्षेपातील पहिले अक्षर दोन प्रकारे टंकता येते. युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, म्हणजे २००८ मध्ये, 'ॲ' ला स्वतःचा कोडपॉइंट मिळाला. त्याआधी, आणि काही कळफलकांवर आजही, 'अ' वर चंद्र देऊन ते अक्षर उमटवले जाते. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखने एका रूपात आणण्याची प्रक्रिया, या दोन्हींना एकरूप करत नाही, कारण 'ॲ' चे 'अ' आणि चंद्र असे विघटनच प्रमाणकात दिलेले नाही. परिणामी वकिलांच्या यादीत एका पद्धतीने शोध घेतला तर दुसऱ्या पद्धतीने नोंदवलेले वकील सापडत नाहीत. 'कऱ्हाड' मधला अर्धा र तर याहून नाजूक आहे. तो 'ऱ' आणि हलन्त असा लिहिता येतो किंवा साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे 'झिरो विड्थ जॉइनर' हे अदृश्य चिन्ह असाही लिहिता येतो. युनिकोडने पूर्वीच्या आवृत्तींशी सुसंगती राहावी म्हणून दुसरी पद्धत कायम ठेवली आहे आणि जुन्या मजकुरात ती भरपूर आढळते. आता 'अदृश्य चिन्हे काढून टाकावीत' असा सफाईचा नियम एखाद्या संघाने सद्हेतूने लावला, तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या 'दऱ्या' चा 'दर्या' होतो. डोंगरांमधल्या खोलगट जागांचा समुद्र झाला, तरी कोणतीही त्रुटी नोंदवली जात नाही.

माझी सूचना अशी की, प्रत्येक प्रकल्पाच्या कोडभांडारात (संघाचा सर्व कोड ठेवण्याच्या जागेत) मराठी मजकुराची एक लहानशी फाइल असावी आणि मजकूर स्वीकारणाऱ्या, साठवणाऱ्या, तोडणाऱ्या किंवा छापणाऱ्या प्रत्येक फंक्शनची चाचणी त्या फाइलवर आपोआप चालावी. त्या फाइलमध्ये जोडाक्षरे, अर्धा र दोन्ही पद्धतींनी, 'ॲ' आणि 'ऑ' दोन्ही पद्धतींनी, अनुस्वार आणि विसर्ग, देवनागरी अंक, मराठी व रोमन एकाच ओळीत आलेला मजकूर, आणि आपल्या परिसरातील खरोखरची गावे व आडनावे असावीत. याच्या जोडीला यादृच्छिक मजकूर निर्माण करणारी साधने घ्यावीत. कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० मध्ये हॅस्केल या भाषेसाठी 'क्विकचेक' हे साधन मांडले, तेव्हापासून 'कोणत्याही मजकुरासाठी हा गुणधर्म टिकला पाहिजे' अशा स्वरूपाच्या चाचण्या लिहिण्याची पद्धत रूढ झाली, आणि पायथनमध्ये 'हायपॉथेसिस' हे त्या वळणाचे उत्तम साधन आहे. मात्र त्याला सरसकट युनिकोड मजकूर मागितला तर देवनागरीची योग्य रचना क्वचितच मिळते. व्यंजन, हवे असल्यास हलन्त आणि आणखी एक व्यंजन, त्यावर एखादी मात्रा, शेवटी कदाचित अनुस्वार, असा अक्षराचा साचा आपण स्वतः लिहून दिला की ते साधन आपल्याला न सुचणारी जोडाक्षरे समोर आणते.

इतरांचे अनुभव काय आहेत, आणि या पद्धतीत कोणते अडथळे येतात, हे जाणून घ्यायला आवडेल.

दौत

धाग्याशी पूर्ण सहमत आहे. मी चाचणी विभागात काम करते आणि आपण मांडलेल्या मुद्द्यांत छपाईची भर घालावीशी वाटते, कारण आमच्याकडे सर्वाधिक तक्रारी तिथूनच येतात.

प्रमाणपत्रे, पावत्या, ओळखपत्रे यांवर नाव छापताना मजकूर विदागारातून शुद्ध निघतो आणि कागदावर अशुद्ध उतरतो. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी साठवणीत व्यंजनानंतर येते आणि दिसताना आधी दिसते; रफार साठवणीत आधी असतो आणि दिसताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. ही पुनर्रचना करणारा स्वतंत्र भाग लागतो. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस यांच्यात हे काम 'हार्फबझ' ही लायब्ररी (तयार कोडचा संच) करते, म्हणून ब्राउझरमध्ये सगळे व्यवस्थित दिसते. परंतु चित्र किंवा पीडीएफ तयार करणाऱ्या अनेक लायब्ररींमध्ये हा भाग नसतो किंवा वेगळा बसवावा लागतो. पायथनच्या 'पिलो' या चित्रे तयार करणाऱ्या लायब्ररीला 'रॅक्म' ही लायब्ररी उपलब्ध नसेल तर ती साध्या मांडणीवर उतरते, आणि 'विद्यार्थी' मधली पहिली वेलांटी 'व' च्या पुढे जाऊन बसते, हलन्त उघडे पडते, रफार तर नाहीसाच होतो. प्रोग्रामरच्या संगणकावर ही लायब्ररी असते, सर्व्हरवरच्या कंटेनरमध्ये (प्रोग्राम चालवण्याच्या बंदिस्त वातावरणात) नसते, आणि दोष तिथेच प्रकट होतो. आम्ही आता तयार झालेल्या पानाचे चित्र काढून ते आधी मंजूर केलेल्या चित्राशी ताडून पाहतो, आणि ही चाचणी सर्व्हरच्याच कंटेनरमध्ये चालवतो. हार्फबझबरोबर येणारी 'एचबी-शेप' ही आज्ञा तर मी सर्व नव्या सहकाऱ्यांना पहिल्या आठवड्यातच शिकवते, कारण कोणत्या कोडपॉइंटचे कोणते चित्राक्षर झाले हे ती सरळ दाखवते आणि फाँटचा दोष की मजकुराचा, हा वाद तिथल्या तिथे मिटतो.

आणखी एक. वेबपानावर भाषेची खूण म्हणून मराठीचा संकेत द्यायला हवा. हिंदीचा संकेत देऊ नये आणि ती जागा रिकामीही सोडू नये. अनेक फाँटांमध्ये 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे दिलेली असतात आणि ती भाषेच्या खुणेवरूनच निवडली जातात.

उंबरठा

मुद्दे योग्य आहेत, तरीही मी थोडा वेगळा विचार मांडतो. आमचा संघ लहान आहे आणि ग्राहकाने ठरवून दिलेल्या मुदतीत काम द्यावे लागते. लांबी मोजणे, तुलना करणे, क्रम लावणे, अक्षरे जुळवणे या सर्व गोष्टी भाषेच्या, विदागाराच्या आणि कार्यप्रणालीच्या लायब्ररींनी करायच्या आहेत. त्यांच्या निर्मात्यांनी त्या तपासलेल्या असतात. प्रत्येक प्रकल्पाने पुन्हा त्याच गोष्टींच्या चाचण्या लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या कामाची आपल्या खर्चाने पडताळणी करणे होय. सर्वत्र यूटीएफ-८ वापरावे आणि नव्या आवृत्तीची लायब्ररी घ्यावी, इतके केले तर बहुतांश प्रश्न सुटतात असे मला वाटते.

घाटवाट

@उंबरठा, मुदतीची अडचण खरी आहे आणि मी ती कमी लेखत नाही. पण लायब्ररी आपण विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. 'कोडपॉइंट किती' असे विचारले तर ती 'विद्यार्थी' साठी दहा असे अचूक सांगेल. पडद्यावर वीस अक्षरांनंतर मजकूर तोडायचा असताना तो प्रश्नच चुकीचा होता, हे तिला कळण्याचा मार्ग नाही. आपण योग्य प्रश्न विचारला का, हे आपल्याच चाचणीतून कळते.

'नवी आवृत्ती घ्यावी' हा सल्ला चांगला आहे, मात्र तोच चाचण्यांची गरज वाढवतो. डोळ्यांना एक वाटणाऱ्या अक्षरसमूहाच्या सीमा कुठे मानायच्या, याचे नियम युनिकोडच्या २९ क्रमांकाच्या परिशिष्टात आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीपर्यंत त्या मूळ नियमांनुसार हलन्तानंतर समूह संपत असे, म्हणून 'विद्यार्थी' चे पाच समूह होत: वि, द्, या, र्, थी. १५.१ मध्ये देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे अखंड ठेवणारा नवा नियम आला आणि त्याच शब्दाचे तीन समूह झाले. हा बदल मराठी वाचकाच्या दृष्टीने स्वागतार्हच आहे. पण त्यामुळे एकाच प्रकल्पातील सर्व्हर एक संख्या सांगतो आणि वापरकर्त्याच्या जुन्या फोनवरचे ॲप दुसरी, अशी स्थिती आज प्रत्यक्षात येऊ शकते. टोपणनावाची मर्यादा दोन्हीकडे तपासली जात असेल तर एका बाजूने स्वीकारलेले नाव दुसरी बाजू नाकारते. हे समजण्यासाठी 'विद्यार्थी' या एका शब्दाची एक ओळीची चाचणी पुरते.

खर्चाबद्दल एवढेच म्हणतो की, ही फाइल प्रत्येक प्रकल्पाने नव्याने लिहायची नसते. एकदा नीट केलेली फाइल पुढच्या प्रकल्पात जशीच्या तशी नेता येते.

सांजपक्षी

अँड्रॉइडवर काम करणाऱ्यांसाठी अंकांचा मुद्दा स्वतंत्रपणे मांडणे आवश्यक वाटते. युनिकोड संघटनेच्या सीएलडीआर या स्थानिक माहितीच्या संग्रहात मराठीसाठी वेगळे काही न सांगितल्यास वापरायची अंकपद्धती देवनागरी आहे. हिंदीसाठी ती इंग्रजी अंकांची (1, 2, 3) आहे. हा फरक फार थोड्या प्रोग्रामरना ठाऊक असतो, आणि हिंदीत तपासले म्हणजे मराठीही तपासले गेले ही समजूत इथे पूर्णपणे चुकते.

वापरकर्त्याने फोनची भाषा मराठी ठेवली आणि मजकूर घडवणाऱ्या जावाच्या 'स्ट्रिंग फॉरमॅट' ला स्थानिकता (भाषा-प्रदेशाची निवड) स्पष्टपणे दिली नसली, की संख्या देवनागरी अंकांत उतरते. पडद्यावर दाखवायची असेल तर ते उत्तमच आहे. पण तीच पद्धत सर्व्हरला पाठवायच्या पत्त्यात अक्षांश-रेखांश भरण्यासाठी, फाइलच्या नावात दिनांक घालण्यासाठी किंवा विदागाराला विचारायची क्वेरी बांधण्यासाठी वापरलेली असते. पुढे काय होते हे पलीकडच्या भाषेवर ठरते. मजकुराची संख्या करणारे पायथनचे 'इंट' आणि जावाचे 'पार्सइंट' देवनागरी अंक निमूटपणे स्वीकारतात; जावास्क्रिप्टचे 'नंबर' त्याला संख्याच मानत नाही आणि गो भाषेतील रूपांतर त्रुटी परत करते. म्हणजे सर्व्हर पायथनमध्ये आहे तोवर सगळे चालते आणि एखादी सेवा गोमध्ये नव्याने लिहिली की केवळ मराठी फोन असलेल्यांचे व्यवहार अडतात. अशा वेळी दोष नव्या सेवेत शोधला जातो, मूळ कारण मात्र कित्येक वर्षांपूर्वी ॲपमध्ये लिहिलेल्या ओळीत असते.

उपाय साधा आहे. यंत्राने वाचायच्या मजकुरासाठी 'लोकेल रूट' (कोणत्याही भाषेशी न बांधलेली स्थानिकता) स्पष्टपणे द्यावे आणि माणसाने वाचायच्या मजकुरासाठीच वापरकर्त्याची स्थानिकता घ्यावी. अँड्रॉइडचे लिंट हे कोडमधील चुका शोधणारे साधन 'डिफॉल्ट लोकेल' या नावाने याविषयी इशाराही देते, पण तो इशारा दाबून टाकलेला मी अनेक प्रकल्पांत पाहिला आहे. माझा आग्रह असा की, तो इशारा त्रुटी म्हणून गणला जावा आणि स्वयंचलित चाचण्यांचा किमान एक फेरा फोनची भाषा मराठी ठेवून चालवावा.

पैलतीर

मी सध्या जर्मनीत आहे. इथल्या अनेक अनुभवी संघांमध्ये तुर्की स्थानिकतेवर चाचण्या चालवण्याचा प्रघात दिसतो, कारण तुर्कीत बिंदू असलेला आणि बिंदू नसलेला असे दोन 'आय' आहेत आणि मोठ्या-लहान लिपीचे रूपांतर तिथे बिघडते. तुर्की वापरकर्ते किती आहेत हा विचार त्यामागे नसतो. जी गृहीतके नकळत कोडमध्ये शिरतात ती उघडी पाडणारी स्थानिकता म्हणून ती निवडली जाते. देवनागरी अंक, जोडाक्षरे आणि अदृश्य जोडक (जॉइनर) या तिन्ही बाबतींत मराठी हेच काम करू शकते. मी माझ्या संघात मराठी स्थानिकता चाचण्यांच्या यादीत घालावी असा प्रस्ताव मांडला तेव्हा फारसे पटवावे लागले नाही, कारण पहिल्याच फेऱ्यात दिनांकांची तुलना करणाऱ्या चाचण्या अयशस्वी झाल्या.

कातळ

विदागाराच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

पहिली क्रमाची. कोडपॉइंटच्या क्रमाने यादी लावली तर 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये येतो. आपल्या वर्णमालेत तो 'ह' नंतर येतो आणि त्यानंतर 'क्ष' व 'ज्ञ'. त्यामुळे 'काळे' हे आडनाव 'काशीकर' आणि 'कासार' यांच्या आधी लागते, जे शाळेच्या हजेरीत किंवा ग्रंथालयाच्या यादीत कोणालाही खटकेल. आणि 'क्षीरसागर' हे 'कोल्हे' नंतर व 'खरे' आधी येते, तर वर्णमालेनुसार त्यांचे स्थान 'हिरे' यांच्याही पुढे आहे. सीएलडीआरमध्ये मराठीसाठी स्वतंत्र क्रमनियम आहेत आणि पोस्टग्रेस या विदागार प्रणालीत २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीमार्फत ते वापरता येतात. 'क्ष' शेवटी हवा की 'क' मध्ये, याविषयी मात्र संस्थांचे संकेत वेगवेगळे असतात, म्हणून तो प्रश्न ग्राहकाला विचारून उत्तर चाचणीत नोंदवून ठेवावे.

क्रमनियम लायब्ररीवर सोपवताना तिच्या आवृत्तीवर लक्ष ठेवावे लागते. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी या लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत क्रमनियम मोठ्या प्रमाणावर बदलले आणि कार्यप्रणाली अद्ययावत करणाऱ्यांचे पोस्टग्रेसमधील मजकुराचे निर्देशांक (शोध जलद करणाऱ्या सूची) चुकीचे ठरले, कारण निर्देशांक जुन्या क्रमाने रचलेले होते आणि शोध नव्या क्रमाने होत होता. नोंद विदागारात असते, पण शोधल्यावर सापडत नाही. निर्देशांक पुन्हा बांधणे हाच त्यावर उपाय होता. @उंबरठा, 'नवी आवृत्ती घ्या' या सल्ल्याला पुस्ती म्हणून एवढे जोडा.

दुसरी गोष्ट कायमच्या नुकसानीची. एसक्यूएल सर्व्हर या विदागार प्रणालीत साध्या 'व्हारकॅर' रकान्यात, किंवा मजकूर युनिकोड आहे हे सांगणारा 'एन' हा उपसर्ग न लावता, देवनागरी मजकूर भरला तर यूटीएफ-८ ची मांडणी निवडलेली नसल्यास प्रत्येक कोडपॉइंटच्या जागी प्रश्नचिन्ह साठवले जाते. तोडलेला मजकूर मूळ अर्जावरून अंदाजाने तरी जुळवता येतो. प्रश्नचिन्हांतून काहीही परत मिळवता येत नाही. मी पाहिलेल्या एका प्रणालीत कित्येक महिने अर्जदारांचे पत्ते असे साठत होते आणि पडद्यावर ते लगेच परत दाखवले जात नसल्याने कोणाच्या ध्यानात आले नाही. मजकूर भरा, साठवा, नव्या जोडणीने परत वाचा आणि बाइटशः ताडून पाहा, ही चाचणी कोणत्याही प्रकल्पाची पहिली चाचणी असावी असे माझे ठाम मत आहे.

युनिकोडपूर्व फाँटांतील मजकुराबद्दलही लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. त्या मजकुरात साठवलेली असते ती रोमन चिन्हेच. फाँट बदलला की देवनागरी दिसेनाशी होते. रूपांतर करणारी साधने मिळतात, पण ती अर्धा र, रफार आणि वेलांटी या तीन ठिकाणी हमखास अडखळतात. घाटवाट यांनी सुचवलेली फाइल रूपांतरानंतरच्या तपासणीलाही उपयोगी पडेल.

दौत

कातळ यांच्या मुद्द्याला जोडून: एक्सेलमध्ये सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) फाइल उघडण्याचा प्रसंगही यादीत घ्यावा. यूटीएफ-८ ची फाइल, ती यूटीएफ-८ आहे हे सांगणाऱ्या आरंभीच्या खुणेशिवाय दिली तर अनेक संगणकांवर मराठीच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे दिसतात आणि कार्यालयातील कर्मचारी तीच फाइल जतन करून परत पाठवतात. निर्यातीच्या चाचणीत ती खूण आहे का, हे तपासणे सोपे आहे.

उंबरठा

आकड्यांचा आणि निर्देशांकांचा मुद्दा मला माहीत नव्हता. लायब्ररीवर सर्व सोपवता येते हे माझे मत मी त्या मर्यादेत बदलतो. आजच आमच्या ॲपमध्ये लिंटचे दाबलेले इशारे शोधले आणि त्यांतले काही सर्व्हरला जाणाऱ्या मजकुराशी संबंधित निघाले.

आता एक प्रत्यक्ष प्रश्न. 'ॲड.' आणि 'कऱ्हाड' यांसारख्या दुहेरी लेखनाचे एकीकरण नेमके कुठे करावे? मजकूर साठवतानाच तो एकरूप करावा, की साठवण जशीच्या तशी ठेवून तुलना करताना करावा? शिवाय २०२१ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी अदृश्य चिन्हांनी कोडचा खरा अर्थ लपवणारा 'ट्रोजन सोर्स' हा हल्ल्याचा प्रकार दाखवल्यानंतर आमच्या कोडभांडारात अदृश्य चिन्हे नाकारणारा नियम बसवलेला आहे. चाचणीची फाइल त्या नियमात अडकेल.

घाटवाट

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. ट्रोजन सोर्सचा मुख्य भर मजकुराची दिशा उलटवणाऱ्या चिन्हांवर होता. जॉइनर हे त्यांतले नाही. नियम कोडच्या फाइलींवर कायम ठेवावा आणि चाचणीच्या विदेच्या फोल्डरला त्यातून वगळावे. याहून चांगला मार्ग म्हणजे फाइलमध्ये अदृश्य चिन्ह थेट न लिहिता त्याचा कोडपॉइंट एस्केपच्या, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या सांकेतिक आकड्याच्या, रूपात लिहावा. त्यामुळे पुनरावलोकन करणाऱ्यालाही ते स्पष्ट दिसते आणि एखाद्या संपादकाने जतन करताना ते गाळण्याची भीती राहत नाही. तसेच गिट या कोडभांडार सांभाळणाऱ्या साधनात देवनागरी नावाच्या फाइली आकड्यांच्या सांकेतिक रूपात दिसत असतील तर 'कोअर कोटपाथ' हे मूल्य बंद करावे, म्हणजे नावे वाचता येतील.

पहिल्या प्रश्नाबाबत माझे मत असे आहे की, माणसाने जे टंकले ते जसेच्या तसे साठवावे आणि शोधासाठी शेजारी दुसरा रकाना ठेवावा. नाव हे त्या व्यक्तीचे आहे. दस्तऐवजावर ते तिने लिहिले तसेच उमटले पाहिजे, आणि उद्या आपला एकीकरणाचा नियम चुकीचा ठरला तर मूळ मजकूर हाताशी असला पाहिजे. शोधाच्या रकान्यात आधी युनिकोडचे एनएफसी या प्रकारचे सामान्यीकरण करावे. त्यात 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचा बिंदू) असा लिहिलेला 'ऱ' एकसंध होतो. त्यानंतर आपले नियम लावावेत: 'अ' वर चंद्र असेल तर 'ॲ', 'आ' वर चंद्र किंवा 'अ' नंतर कान्यावरचा चंद्र असेल तर 'ऑ', आणि 'र', हलन्त व जॉइनर असा क्रम आला तर 'ऱ' व हलन्त. उरलेली अदृश्य चिन्हे काढायची असतील तर ती या सर्वांनंतरच काढावीत. अंकांचे रूपांतरही याच रकान्यात करावे.

या नियमांच्या चाचण्यांत दोन गुणधर्म अवश्य असावेत. नियम एकदा लावले काय किंवा दोनदा लावले काय, निकाल तोच आला पाहिजे. हा गुणधर्म हायपॉथेसिसला यादृच्छिक अक्षरांवर तपासायला द्यावा. आणि ठरावीक उदाहरणांत दोन्ही पद्धतींनी लिहिलेल्या 'दऱ्या' चा शोधमजकूर एकच आला पाहिजे, तर 'दर्या' चा त्याहून वेगळा राहिला पाहिजे. जॉइनर काढण्याची पायरी कोणी चुकून वर सरकवली तर याच उदाहरणावर चाचणी अयशस्वी होते. मी ही फाइल आणि पायथनमधील नियम एकत्र करून या आठवड्याअखेर इथे देतो. दौत आणि कातळ यांनी छपाईचे आणि रूपांतराचे नमुने त्यात घालावेत, अशी विनंती आहे.